कालिया घडवणारा माणूस : दादासाहेब फाळके





आपल्या पत्रिकेत आम्ही दर अंकात एका थोर व्यक्तीचा परिचय देत असतो. आजवर संत झाले, स्वातंत्र्यसैनिक झाले, ग्वाल्हेर गायकीचे मानकरी झाले. या वेळी निवडलेले नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. दादासाहेब फाळके यांनी पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट काढला हे आपल्याला सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असते. त्यांच्या नावाचा पुरस्कार हा चित्रपट क्षेत्रातला देशाचा सर्वोच्च सन्मान आहे, हेही ठाऊक असते. आम्हाला मात्र आज त्यांच्या एका नागाविषयी लिहायचे आहे. हा नाग त्यांनी पडद्यावर आणला आणि तो पाहायला लोकांनी गर्दी केली.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशीच आपल्या लष्करातल्या बहुतेक मराठी घरांची रीत. लिहिण्यात कुठे हिंदी वळण आले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय सुचला तो मधल्या सुट्टीत. सातवी-आठवीची चार-पाच मुले व्हरांड्यात बसून जपानी सिनेमातल्या अजस्र प्राण्यांविषयी बोलत होती. आम्ही खांबाआड उभे राहून ऐकले. एकाला तीन डोक्यांचा गिदोरा आवडतो. दुसऱ्याला हेडोरा आवडतो, तो तर सगळा घाण आणि प्रदूषण यांतून जन्मलेला गोळा. तिसऱ्याचा लाडका गायगन, ज्याच्या हातांच्या जागी आकडे आहेत आणि पोटावर चक्क करवत आहे. पोटावर करवत असलेला प्राणी सकाळी उठून बसतो कसा, यावर त्यांचा गंभीर वाद चालला होता! आम्ही पुढे होऊन विचारले की इतके विद्रूप आणि अशक्य प्राणी तुम्हाला आवडतात तरी कसे. त्यावर एका मुलाने शांतपणे सांगितले की सर, त्या रबरी कातड्याच्या आत एक माणूस असतो आणि तो घामाने निथळत असतो, हे आम्हाला माहीत आहे, म्हणूनच तर आवडतात.

हे उत्तर घेऊन आम्ही कार्यालयात आलो. एक जुनी चूक आठवली, ती शेवटी सांगू. आधी फाळक्यांची गोष्ट.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्याच्या घरात मुलाने पोथी धरावी अशीच अपेक्षा असणार. पण या मुलाचे हात सदा रंगांत आणि खटपटीत. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तिथून पुढे बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या राज्यातल्या कलाभवनात. तिथे चित्रकला, मातीकाम, वास्तुरचना आणि छायाचित्रण असे सर्व काही तो शिकला.

आपल्या मध्य प्रदेशाशीही त्यांचा एक धागा आहे. तीन रंगांचे ब्लॉक करण्याची आणि अंधारखोलीतल्या छपाईची विद्या शिकण्यासाठी त्यांना बडोद्याहून रतलामला पाठवण्यात आले होते. रतलामच्या स्टेशनवरून आपण कितीदा जातो! पुढच्या वेळी गाडी तिथे थांबली की ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

त्यानंतरची वीस वर्षे पाहिली तर आजकालचे पालक म्हणतील की या मुलाला स्थिरता नाही. गोध्रा येथे त्यांनी फोटोचा व्यवसाय थाटला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. पुन्हा बडोद्यास येऊन स्टुडिओ काढला, तर फोटो काढला की माणसाची शक्ती जाते अशा समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. एका जर्मन जादूगाराची गाठ पडली, त्याच्याकडून जादू शिकले आणि फाळके हे नाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोगही केले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. त्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई, ज्यांच्याविषयी पुढे सांगायचे आहे. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारे म्हणून नोकरी लागली. ती सोडून लोणावळ्याला ब्लॉकचा आणि छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या देवदेवतांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रे आणली. मग भागीदारांशी पटेना म्हणून तोही छापखाना सोडला.

चाळिशी आली होती आणि हातात काही नव्हते. पण मित्रांनो, नीट पाहा. चित्र, मूर्ती, फोटो, जादू, छपाई आणि जुन्या शिल्पांची ओळख, या सहा गोष्टी त्यांच्याजवळ जमा झाल्या होत्या. त्यांना एकत्र बांधणारी सातवी गोष्ट तेवढी मिळायची होती.

ती १९११ साली मिळाली. गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या तंबूत ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन सिनेमा पाहायला गेले. त्या दिवशी पडद्यावर चालत्या-फिरत्या प्राण्यांचा एक चित्रपट होता. मुलगा थक्क झाला. घरी येऊन त्याने आईला सांगितले की पांढऱ्या कापडावर जनावरे हलतात. घरात कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी दादासाहेब सर्वांनाच घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, म्हणून त्या दिवशी येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखवले गेले. पडद्यावर ख्रिस्त पाहता पाहता त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, हे पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हाला मात्र आदल्या दिवसाची आठवण अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशी हलती जनावरे पाहून घरी धावत आलेला एक लहान मुलगाही आहे.

त्यानंतर ते रोज तासन् तास सिनेमा पाहू लागले. झोप गेली, डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला प्रयाण केले. तिथे यंत्रांची माहिती घेतली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत आले.

आता पैसा लावणारा कोणी हवा होता. त्याला पटवायचे कसे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर ती सलग दाखवली तेव्हा बी फुटून वेल सरसर वर चढताना दिसला. महिन्याचे काम जेमतेम मिनिटाभरात संपले. याचे नाव अंकुराची वाढ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. वस्तू थोडी बदलली की एक चित्र घ्यायचे, पुन्हा बदलली की पुन्हा घ्यायचे. पुढे जगभरच्या सिनेमात निर्जीव पुतळे चालू लागले, अजस्र प्राणी लढू लागले, ते याच युक्तीच्या जोरावर. दादासाहेबांनी स्वतः पुढे आगकाड्यांची मौज नावाचा एक लहानसा पट केला, त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात. गंभीर चेहऱ्याचा हा शास्त्रीपुत्र काड्यांना नाचवण्यात दिवस घालवत होता, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. दादरच्या घरातच सारा कारखाना होता. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, कपडे धुवत, आणि रात्री कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडत बसत, कारण फिल्म बिनभोकांची येई. त्यांनी दागिनेही दिले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. स्त्रिया काम करायला तयार नव्हत्या, म्हणून एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी आलेल्या मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले आणि तीही अडचण पहिल्यांदा दूर झाली. दुसऱ्याच चित्रपटात त्यांनी असुर निवडला, हेही लक्षात घ्यावे. जादूगाराला असुर आवडतात, कारण असुरापाशी चमत्कार असतो.

१९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी ते वाखाणले. तिथेच राहून काम करण्याची संधीही आली, पण ती न घेता ते परतले. महायुद्ध सुरू झाले होते, पैसा मिळेना. तरी १९१७ साली लंकादहन पूर्ण झाला. यात साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले! हनुमानाचे उड्डाण आणि जळती लंका पाहायला अशी झुंबड उडाली की मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. पडद्यावर राम आला की लोक पायांतली पादत्राणे काढत. मद्रासेला तिकिटांचे पैसे बैलगाडीत घालून पोलीस पहाऱ्यात न्यावे लागले, असे सांगतात.

याच काळात त्यांनी आणखी एक चित्रपट केला, तो आम्हाला फार बोलका वाटतो. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा चित्रपट. त्यात ते स्वतः दिसतात, काम समजावतात, फिल्म तपासतात. कोणता जादूगार आपली पेटी उघडून दाखवतो? फाळक्यांनी दाखवली. आणि ती पाहूनही लोक पुढच्या चित्रपटाला आलेच.

१९१८ मध्ये मुंबईच्या व्यापारी भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी श्रीकृष्णजन्म आला. आणि १९१९ साली आला कालियामर्दन, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला.

कृष्ण झाली त्यांची कन्या मंदाकिनी, वय अवघे सहा-सात वर्षांचे. चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर कृष्ण नसतो. आधी साध्या वेषातली मंदाकिनी दिसते. ती हसते, रागावते, घाबरते, निरनिराळे हावभाव करून दाखवते. मग पाहता पाहता त्याच मुलीच्या जागी मोरपीस लावलेला कृष्ण येतो. म्हणजे वडिलांनी प्रेक्षकांना सुरुवातीलाच सांगून टाकले की ही आमची लेक आहे, आता ती कृष्ण होणार आहे, तुम्ही पाहा. त्यानंतर खोड्या होतात, लोणी चोरले जाते, आणि शेवटी यमुनेच्या डोहात उडी पडते. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया यांची झटापट चालते. मध्येमध्ये काठावर जमलेले गोकुळवासी दिसतात, हात चोळणारे, रडणारे. मग फणा वर येतो आणि त्यावर उभी असते ती चिमुरडी.

या चित्रपटाचा बराचसा भाग आजही शिल्लक आहे. तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला. आजच्या मुलांनी तो नाग पाहिला तर ती आधी हसतील. संगणकावर केलेला एकेक खवला पाहायची त्यांना सवय आहे. हा नाग तर स्पष्टच हाताने केलेला. आमचा अनुभव असा की एकदा हसून झाले की नजर त्याच्यावरून हलत नाही. कोणीतरी हे बसून केले आहे, कोणीतरी हे हलवते आहे, आणि एक सहा वर्षांची मुलगी त्याच्याशी खरीखुरी झुंजते आहे. १९१९ च्या प्रेक्षकालाही हे दिसत होते. त्याने गावोगावच्या जत्रांत सोंगे पाहिली होती, दशावतार पाहिले होते, रामलीलेतला कागदी रावण पाहिला होता. त्याला कोणी फसवत नव्हते. तरी कालियामर्दन मुंबईत कित्येक महिने चालला.

आता आपल्या व्हरांड्यातल्या मुलाचे उत्तर पुन्हा आठवा. जगात ज्यांनी ज्यांनी असे अचाट प्राणी घडवले, त्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचे गृहस्थ होते, फाळक्यांपेक्षा आठ वर्षांनी मोठे, तेही मुळात जादूगार. १९१२ साली त्यांनी उत्तर ध्रुवाच्या सफरीवर चित्रपट केला आणि त्यात बर्फातून वर येणारा, माणसे गिळणारा प्रचंड राक्षस ठेवला. तो लाकूड, कापड आणि दोर यांचा होता, आणि आतून कामगार त्याचे हात-डोळे हलवत होते. १९३३ साली अमेरिकेत किंग काँग आला. पडद्यावर इमारतीएवढा दिसणारा तो वानर प्रत्यक्षात दीड फुटाच्या आसपासचा पुतळा होता, अंगावर सशाची कातडी. विलिस ओब्रायन आणि त्यांचे साथीदार एकेका चित्रासाठी तो किंचित हलवत. दरवेळी बोटे लागून केस विस्कटत, त्यामुळे पडद्यावर काँगच्या अंगावरची लव सतत थरथरताना दिसते. खरे पाहता तो दोष. पण काँगचे चाहते त्या थरथरीवरच प्रेम करतात, कारण त्यात माणसाची बोटे दिसतात.

तो काँग पाहून जपानमधले एक कॅमेरामन भारून गेले. त्यांचे नाव एइजी त्सुबुराया. १९५४ साली गॉडझिला करताना पुतळा एकेक चित्र घेत हलवत बसायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून रबराचा जड पोषाख केला आणि त्यात माणूस उभा केला. हारुओ नाकाजिमा हे ते नट. आत इतकी उष्णता की थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढावे लागे. शहर लाकडाचे आणि प्लास्टरचे, छोटे छोटे करून उभारलेले. त्यातूनच पुढे मोथ्रा, गिदोरा, हेडोरा, गायगन असे एकाहून एक विचित्र प्राणी निघाले. ते जितके विचित्र, तितके चाहते अधिक. सुंदर प्राणी तर निसर्गातही आहेत. पोटावर करवत असलेला प्राणी मात्र कोणीतरी बसून, डोके खाजवून, हसत हसत काढल्याशिवाय जन्माला येत नाही.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. किल्ल्यावर जाऊन मानमंदिराच्या भिंती पाहा. राजा मानसिंह तोमर यांनी पाचशे वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या महालावर रंगीत फरशांमध्ये हत्ती आहेत, मगरी आहेत आणि ओळीने चाललेली पिवळी बदके आहेत. शहराच्या वर ताठ उभ्या असलेल्या राजवाड्यावर बदके! कोणी गंभीर माणसाने त्या कारागिराला अडवले असते, तर आज निळ्या भिंतीकडे पाहून मुलांनी बोट केले नसते. दसऱ्याचा रावणही बांबू आणि कागद यांचाच असतो, सर्वांना ठाऊक असते, तरी तो पेटण्याआधी लहान मुले त्याच्या मिशा पाहून घेतात.

दादासाहेबांचे पुढचे आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. भागीदारांना खर्च कमी हवा होता, त्यांना काम मनाजोगे हवे होते. मतभेद वाढले. यशाच्या शिखरावर असताना त्यांनी कंपनी सोडली आणि कुटुंबासह काशीला जाऊन राहिले. तिथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी परतून पुन्हा चित्रपट केले, पण आता दिवस बदलत होते. १९३१ साली आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ चा त्यांचा सेतुबंधन मूकच होता, नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी गंगावतरण केला, त्यांचा एकमेव बोलपट. वय सदुसष्ट. लोकांना आता गाणी हवी होती, संवाद हवे होते, नव्या नट-नट्या हव्या होत्या. जादूगाराची पेटी जुनी झाली होती. शंभराच्या आसपास चित्रपट केलेला हा माणूस नाशिकला परतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. त्यासाठीही त्यांनी अर्ज केला होता. तो मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

फ्रान्सच्या मेलिएस यांचेही असेच झाले होते. म्हातारपणी ते पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनवर खेळणी आणि गोळ्या विकत बसत. दोघांनाही मान मिळाला, पण उशिरा. आपल्या सरकारने फाळके पुरस्कार सुरू केला तो १९६९ साली, त्यांना जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावर. हाताने घडवलेल्या वस्तूचे असेच होते. ती नवी असते तोवर लोक टाळ्या वाजवतात, मग तिच्यापेक्षा गुळगुळीत काही आले की तिला माळ्यावर टाकतात, आणि ती नाहीशी होऊ लागली की तिची किंमत कळते.

आता आमची चूक. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात कालियामर्दनाचा प्रवेश होता, हे आपल्याला आठवत असेल. सातवीच्या मुलांनी त्यासाठी स्वतः कालिया केला होता. बांबूच्या कामट्या, बारदान, जुन्या साड्या, खळीने चिकटवलेली वर्तमानपत्रे. जिभा सायकलच्या ट्यूबच्या, डोळे बांगड्यांचे. फणे पाच, त्यांतला एक कायम डावीकडे कललेला, आणि एकाचे दोन्ही डोळे नाकाकडे पाहणारे. तीन आठवडे मुले शाळा सुटल्यावर थांबून खपत होती. रंगीत तालमीच्या दिवशी आम्ही तो पाहिला आणि पाहुण्यांसमोर हसे होईल या भीतीने बाजूला ठेवायला सांगितला. बाजारातून तयार नाग भाड्याने आणला. तो चकचकीत होता, पाचही फणे सारखे. मुले काही बोलली नाहीत. प्रवेश व्यवस्थित पार पडला, टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी नाग परत गेला. आज तो कोणालाच आठवत नाही.

मुलांचा कालिया मात्र कोठीच्या खोलीत होता. बालवाडीची मुले खिडकीतून त्याला पाहायला येऊ लागली. त्यांनी त्याचे नाव कालूदादा ठेवले. कोणी डब्यातला पोळीचा तुकडा गजांतून आत टाकी. एका फण्याला उंदरांनी कुरतडले, तर शाळेतल्या मावशींनी कोणी न सांगता त्याला ठिगळ लावले, तेही फुलाफुलांच्या कापडाचे. हे सर्व आम्हाला उशिरा कळले. ज्या नागाला आम्ही हसे होईल म्हणून लपवले, त्यावर शाळेतली सर्वांत लहान मुले सहा महिने प्रेम करत होती.

ज्यांनी ते काम केले ती मुले आता आठवीत आहेत. आम्ही वर्गात जाऊन त्यांची क्षमा मागितली. तेव्हाही ती फारसे बोलली नाहीत, पण एकाने विचारले की कललेला फणा सरळ करायचा का. आम्ही नको म्हणालो.

म्हणून या वर्षी स्नेहसंमेलनात कालूदादा रंगमंचावर येईल, कललेल्या फण्यासह आणि ठिगळासह. पालकांना विनंती की जुन्या साड्या, बारदान, पुठ्ठे, तुटलेली छत्री, सायकलच्या ट्यूबा असे काही घरी पडून असेल तर रद्दीत न घालता शाळेत पाठवावे. ज्यांना सुतारकाम किंवा शिवणकाम येते त्यांनी शनिवारी तासभर यावे. हात मुलांचेच राहू द्यावे, आपण फक्त कात्री धरावी. विश्वस्त मंडळींना नम्र विनंती की वाचनालयामागची रिकामी खोली हस्तकलेसाठी द्यावी, म्हणजे केलेली वस्तू कोठीत उंदरांच्या स्वाधीन करावी लागणार नाही. भाड्याच्या सामानासाठी अंदाजपत्रकात जी रक्कम असते ती यंदा रंग आणि खळ यांवर खर्च करावी, असाही आमचा प्रस्ताव आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, संमेलनाच्या आधी एका शनिवारी आपण सर्व मिळून फाळक्यांच्या कालियामर्दनाचा उपलब्ध भाग पाहणार आहोत. नाग आला की खुशाल हसा. हसून झाले की पुन्हा नीट पाहा आणि तो कोणी, कशाचा आणि कसा केला असेल ते वहीत लिहून आणा. ज्याचे उत्तर सर्वांत बारकाईचे, त्याला संमेलनात कालूदादाचा मधला फणा हलवायला मिळेल.

आपले,
प्राचार्य